शेवटच्या चार ओळी

समुद्र मी कधी पाहिला नाही. नागपूरच्या माणसाला समुद्र पाहायचा तर अख्खी रात्र आगगाडीत काढावी लागते, आणि तशी मला कुणी काढू दिली नाही. तरी ‘समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ’ हा वर्णनात्मक निबंध मी लिहिला, आणि महालातल्या, सक्करदऱ्यातल्या, लकडगंजातल्या कितीतरी पोरांनी तो पाठ करून मॅट्रिकच्या पेपरात उतरवला. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी जे दिसतं तेच लिहिलं, नुसता पलीकडचा काठ पुसून टाकला. पोरांना चांगले मार्क पडले.

निबंध माझे आणि नाव आष्टीकर सरांचं. आष्टीकर सर म्हणजे आमचे हे, मधुसूदन. एका हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ महालातल्या आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत शिकवणी घ्यायचे. ही गोष्ट एकाहत्तर सालच्या आसपासची, तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. परीक्षेत कोणते निबंध येणार ते आष्टीकर सर दिवाळीनंतरच सांगतात आणि त्यांचा अंदाज चुकत नाही, अशी त्यांची ख्याती होती. कामठीहून पोरं बसने यायची. सावनेरची शामला तर शिकवणीसाठी मावशीकडे येऊन राहिली होती. सायक्लोस्टाइल केलेले निबंध सगळ्यांना वाटले जायचे, मग आठवडाभर त्यांची घोकंपट्टी चालायची आणि मी आत कणीक मळता मळता माझीच वाक्यं ऐकायची.

हे सुरू झालं ते ह्यांना कावीळ झाली तेव्हापासून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोरं दारात, मास्तर अंथरुणात. हे म्हणाले, “तू अकरावीत होती ना? लिहून दे काहीतरी. पडक्या विहिरीचं आत्मवृत्त लिही.” मी दुपारी बसून लिहिलं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, “बरं आहे.” कावीळ गेली, पण लिहिणं माझ्याकडेच राहिलं. सासूबाईंनी जसं लोणच्याचं काम एकदा माझ्या हवाली केलं ते परत घेतलं नाही, तसंच हे.

मी अकरावीत होते हे खरं, पण परीक्षा दिली नव्हती. माघात लग्न ठरलं, फाल्गुनात झालं, आणि परीक्षा मार्चात. माझे वडील म्हणाले, तिकडे गेल्यावर देईल. इकडचे म्हणाले, पुढच्या वर्षी बसवू. पुढच्या वर्षी लतिका पोटात होती. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विषयही काढला नाही. मी काढला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी झोपाळा मागितला.

आणि अशा मला ‘स्त्रीशिक्षण : काळाची गरज’ हा वैचारिक निबंध लिहायला सांगितला होता. वैचारिक म्हणजे ज्यात ‘म्हणूनच’ आणि ‘परंतु’ पुष्कळ येतात तो. मी लिहीत होते आणि स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडत होत्या, “सुमती, काय करून राहिली वं? वरण उतू चाललं!” तो निबंध ह्यांनी एका महिला मंडळाच्या कार्यक्रमात भाषण म्हणून म्हटला. टाळ्या पडल्या. शाल मिळाली. ती शाल मीच धुते.

वर्णनात्मकाला मला पहाट लागायची, कल्पनात्मकाला ‘तर’ लागायचा. सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर, मला पंख असते तर. आत्मवृत्ताला काहीही चालायचं. फाटकी छत्री, नदी, मोडकी खुर्ची, दगडी जातं, टपालपेटी, सगळ्यांना मी बोलायला लावलं. आमच्या गल्लीत कुणाचा कोंबडा नव्हता, तरी माझ्या प्रत्येक पहाटेला तो आरवायचा, कारण त्याशिवाय पहाट झाल्याचं परीक्षकाला कळत नाही असं ह्यांचं म्हणणं होतं.

ह्यांचं काम एकच. शेवटच्या चार ओळी. सगळा निबंध मी लिहायचा आणि शेवट हे लिहायचे. त्याला हे ‘झाकण’ म्हणत. “परीक्षक थकलेला असतो,” पोरांना सांगायचे, “घरी त्याचाही संसार असतो. त्याला रडगाणं वाचायला लावलं तर मार्क जातात. निबंधात कितीही दुःख येऊ द्या, शेवट गोडच पाहिजे. भांड्यावर झाकण नसेल तर आतलं कितीही चांगलं असो, लोक नाक मुरडतात.” म्हणून माझी फाटकी छत्री उकिरड्यावर पडली तरी शेवटी म्हणायची, माझं जीवन कृतार्थ झालं. पडकी विहीर म्हणायची, तहानलेल्यांच्या आठवणीत मी अमर आहे. मी उकिरड्यापर्यंत आणून सोडायची आणि पुढचं समाधान हे पुरवायचे.

लतिका सातवीत गेली तेव्हा तिला शाळेत ‘माझी आई’ लिहायला दिलं. पोरीनं बाहेरच्या खोलीतून बापाचा छापील निबंध उचलला आणि उतरवून काढला. ‘माझी आई कधीही रागावत नाही. तिच्या मुखावर सदैव मंद हास्य असते.’ हे मीच लिहिलेलं, शिकवणीतल्या पोरांसाठी. मी तिला विचारलं, “काहून वं, मी रागावत नाही?” ती म्हणाली, “तू रागावते हे लिहिलं तर मार्क नाही भेटत, आई.” दहापैकी नऊ मिळाले. बापाचीच पोर.

तर माझ्या परीक्षेचा विषय पुन्हा काढला तो यमुताईंनी. यमुताई आमच्या गल्लीच्या टोकाला लहान मुलांची शाळा चालवायच्या, चौथीपर्यंतची. विधवा बाई, खणखणीत आवाज, कुणाच्या बापाला न भिणारी. एका रविवारी शिकवणी सुटताना आल्या आणि चार पालकांसमोर ह्यांना म्हणाल्या, “सर, सुमतीले यंदा परीक्षेले बसवा. माझ्या शाळेतली बाई लग्न होऊन रायपूरले चालली. जूनमध्ये जागा होते. सुमती पोरांले काय सुंदर गोष्टी सांगते, मी हळदीकुंकवाले ऐकलं आहे.”

पालकांसमोर ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. शाल मिळालेली होती ना.

आत सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “आता या वयात कायची परीक्षा वं? दोन-चार वर्षांत पोट्टीचं लग्न पाहायचं का आईची शाळा?”

यमुताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “दोन्ही पाहा ना, काकू.” मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, “हे पाह्य सुमती, नुसतं पास होऊन नाही जमणार. तुझं ट्रेनिंग नाही, तिशी उलटायले आली. कमिटीतले लोक तरुण पोरीच घ्यायले पाहतात. पण मराठीत साठाच्या वर असले, तर कागद त्यांच्यासमोर आपटून मी भांडीन. तेवढं कर.”

साठाचा आकडा तेवढा ह्यांच्या कानावर गेला आणि ह्यांना हसू आलं. “मराठीची काय काळजी करता, यमुताई? घर कोणाचं आहे!”

मीही हसले. साठ म्हणजे काय? गणिताची भीती होती, इंग्रजीची होती. मराठीत मला कोण अडवणार? पोरांना माझे निबंध लिहून पासष्ट-सत्तर पडत होते. त्या थंडीत मी पहिल्यांदा काहीतरी स्वतःसाठी मागत होते, आणि ते मिळणार याची मला खात्री होती. आता वाटतं, एवढी खात्री असायला नको होती.

गणित लतिकेच्या पुस्तकातून सुरू केलं. इंग्रजीचे धडे पाठ केले. मराठीसाठी हे म्हणाले, “तू वेळ लावून लिही. घड्याळ समोर ठेव. नुसतं येणं वेगळं आणि तासात लिहिणं वेगळं. मी तपासतो, बाकी पोरांचं तपासतो तसं. आत्मवृत्त घे आज. वस्तू तुझी तू ठरव.”

दुपारी मागची आवराआवर झाल्यावर स्वयंपाकघरातच पाटावर बसले. वस्तू शोधली. पाटा-वरवंट्याचं झालं होतं. चाळणीचं झालं होतं, स्टोव्हचं झालं होतं, जात्याचं तर दोनदा झालं होतं. सगळं स्वयंपाकघर आपापलं मनोगत सांगून मोकळं झालेलं. मग मीच उरले. वर नाव घातलं, ‘एका गृहिणीचे मनोगत’, आणि लिहायला लागले.

कसं लिहिलं ते सांगता येत नाही. घड्याळाकडे पाहिलंच नाही. त्यात कोंबडा नव्हता. त्यात होतं की या घरात कुणाला काय आवडतं ते सगळं मला ठाऊक आहे, आणि मला काय आवडतं ते कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही, कारण ते आता मलाही आठवत नाही. त्यात होतं की मला जे येतं ते सगळ्यांना लागतं, पण ते मला येतं हे कुणी बोलायचं नाही. लग्नाच्या वेळी अर्धवट राहिलेली पुस्तकं माहेरी माळ्यावर ठेवली होती, ती भावानं रद्दीत दिली, तेही होतं. आणि शेवटी होतं, ‘माझ्यावर कुणी जुलूम केला असं मी म्हणत नाही. मला फक्त कुणी विचारलं नाही.’ तिथे मी थांबले. तिथेच थांबायचं होतं. रडू आलं, ते पुसलं, आणि पोहे भिजवायला उठले.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर हे सुपारी कातरत वाचायला बसले. मी समोर बसून राहिले. मला वाटलं, आता हे वर पाहतील. काय बोलतील ते ठरवलं नव्हतं, रागावले असते तरी चाललं असतं. वाचून झालं. वर पाहिलं.

“भाषा चांगली उतरली,” हे म्हणाले. “पण शेवट कुठाय?”

“आहे तोच शेवट आहे.”

“हा शेवट नव्हे. असं अधांतरी नाही सोडता येत. पेन दे इकडे.”

मी पेन दिलं नाही. विचारलं, “हे कोणाचं वाटलं जी तुम्हांले?”

“कोणाचं म्हणजे? गृहिणीचं. सर्वसाधारण. तेच तर चांगलं आहे ना, कोणत्याही घराले लागू पडते.” आणि स्वतःच उठून खुंटीवरच्या कोटातून पेन काढलं. उभ्या उभ्या शेवटच्या चार ओळी लिहिल्या. लिहिताना चेहरा अगदी प्रसन्न होता. “हा घेऊ यंदा वर्गात,” म्हणाले. “नवीन आहे. यायची शक्यता आहे. महिला, कुटुंब, असं काहीतरी चालू आहे सध्या सगळीकडे.”

मी म्हणाले, “हा नका देऊ. हा मी माझ्यासाठी लिहिला.”

“तुझ्यासाठीच आहे. तूही पाठ कर.”

भांडायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. भांडले. दोन दिवस नीट बोलले नाही, भाजीत मीठ कमी घातलं. ह्यांनी वरून मीठ घेतलं आणि जेवले. तिसऱ्या दिवशी निबंध सायक्लोस्टाइल होऊन आला.

मग आमच्या बाहेरच्या खोलीत तो सुरू झाला. ज्यांचा आवाज फुटत होता, एक सूर वर आणि एक खाली जात होता, असले पोट्टे हेल काढून म्हणत होते, ‘मी एक गृहिणी!’ लकडगंजातल्या लाकडाच्या टालवाल्याचा पोरगा म्हणत होता, ‘मला काय आवडते ते मलाच आठवत नाही.’ त्याला चांगलं आठवत होतं, खिसा शेंगदाण्यांनी भरलेला असायचा. मी आत पोळ्या लाटत होते आणि मला लाजही वाटत होती आणि त्या पोरांच्या एकेक कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. त्यांचा काय दोष म्हणा.

सासूबाई दाराआड बसून ऐकायच्या. एकदा त्यांनी पदरानं डोळे टिपले. “खरंच आहे वं,” मला म्हणाल्या, “असंच असते बाईचं. मधूले कसं कळते हे सारं! आणि शेवट तर फारच गोड केला.” मग चहा मागितला.

परीक्षेचं केंद्र सीताबर्डीवरच्या एका शाळेत होतं. मार्चच्या उन्हात मी रिक्षानं गेले. हे स्वतः पोहोचवायला आले, दोन पेनं दिली, पाण्याचा तांब्या दिला, त्या बाबतीत माणूस वाईट नाही. बाकावर माझ्या शेजारी परकर-पोलक्यातली मुलगी होती, ती मला ‘बाई’ समजून उठून उभी राहिली. पुढच्या रांगेत शामला होती.

पेपर हातात आला. चार विषय होते, त्यातला दुसरा ‘एका गृहिणीचे मनोगत’. हॉलभर एक कुजबूज झाली आणि विरली. आष्टीकर सरांचा अंदाज खरा ठरला होता. शामलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मोठे करून हसली. आला जी, काकू!

बाकीच्या तिन्ही विषयांवरही मी लिहिलेलं होतंच. पण तो विषय समोर छापलेला पाहिला आणि मला दुसरं काही दिसेना. आजूबाजूला पेनं धावत होती. माझीच वाक्यं लिहिली जात होती, मला ती ऐकू येत नव्हती एवढंच. मी लिहायला लागले. पाटावर बसून लिहिलं होतं तसंच, एक-दोन ठिकाणी त्याहून बरं. ‘मला फक्त कुणी विचारलं नाही’ इथे आले आणि थांबले.

ह्यांच्या चार ओळी मला येत होत्या. महिनाभर कानांवर आदळत होत्या, कशा येणार नाहीत? वेळही होता. यमुताईंचे साठ डोळ्यांसमोर होते. हात पुढे गेला आणि मागे आला. मला वाटलं, हे जो कुणी वाचेल त्याच्यासमोर गठ्ठा असेल. सगळ्यांच्या शेवटी तेच झाकण असेल. एकाच पेपरात नसेल. तो माणूस शहाणा असेल तर थबकेल. त्याला कळेल की बाकी सगळ्यांनी पाठ केलं आहे आणि हे जिचं आहे ती ही. नाव नको, नंबर तर नंबर. एका तरी माणसाला कळावं, एवढंच वाटलं. मी पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळले.

निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले. गणितात कशीबशी, इंग्रजीत त्याहून कशीबशी, आणि मराठीत पंचावन्न. हे पेढे घेऊन आले. सासूबाईंनी एक देवाजवळ ठेवला. सगळ्यांनी कौतुक केलं, या वयात म्हणजे खरंच काय, असं. मी गुणपत्रक उलटं-सुलटं करून पाहत होते. व्याकरण चुकलं नव्हतं. धड्यांवरचे प्रश्न चुकले नव्हते. मला कळेना की गेले कुठे.

शामलाला अडुसष्ट पडले. ती पेढे घेऊन आली, ह्यांच्या पाया पडली. “सर, तुमच्या निबंधानं तारलं जी.” मग सरांची बायको म्हणून माझ्याही पाया पडली. मी “सुखी राहा” म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या आठवड्यात यमुताई आल्या त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, “मी भांडली वं, सुमती. खूप भांडली. पण कमिटीसमोर कागद ठेवावा लागते. पंचावन्न पाहून ते म्हणाले, मास्तराच्या घरात राहून पंचावन्न?” त्यांचा तो खणखणीत आवाज त्या दिवशी बसलेला होता. जागा शामलाला मिळाली. सावनेरला परत न जाता ती मावशीकडेच राहिली आणि रोज सकाळी आमच्या घरावरून शाळेत जायला लागली. काही दिवस ती दिसली की माझं रक्त तापायचं. मग तेही ओसरलं. पोर सालस होती, आणि तिनं फक्त सांगितलं तसं केलं होतं.

जुलैत केशवराव आले. केशवराव म्हणजे ह्यांचे कॉलेजातले मित्र, वर्ध्याला मराठीचेच मास्तर, परीक्षेचे पेपर तपासायचे. शाळेची पुस्तकं घ्यायला नागपूरला आले की आमच्याकडेच उतरायचे. बाहेरच्या खोलीत दोघे बसले होते. मी आलुपोहे घेऊन गेले तेव्हा केशवराव मांडीवर थाप मारून हसत होते.

“मधू, तुझ्या त्या गृहिणीनं मले वेड लावलं यंदा! गठ्ठ्यात जिकडे पाहावं तिकडे गृहिणी. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी. म्हटलं, हे आपल्या आष्टीकरचंच काम.”

“मग कापले का मार्क?” ह्यांनी विचारलं.

“काहून कापीन? पोट्ट्यांनी मेहनत केली, शुद्धलेखन नीट, शेवट नीट. पंचवीसपैकी अठरा, एकोणीस, सगळ्यांले देत गेलो. पण एक महाभाग होता पाह्य. अक्षर मोत्यासारखं. निबंध तोंडपाठ, एक-दोन जागी तर तुझ्यापेक्षा सरस शब्द घातलेले. आणि शेवटच विसरला बिचारा! ‘मला फक्त कुणी विचारलं नाही,’ अन् संपलं. खाली अर्धं पान कोरं. मी पुरवणी शोधली, म्हटलं पुढे असेल. कायचं काय! आता अर्धवट निबंधाले काय देणार? आठ दिले.”

“असतो एखादा,” हे हसून म्हणाले. “घोकून घोकून ऐन वेळी विसरतो.”

माझ्या हातात दोन्ही बशा तशाच होत्या.

“ती विसरली नव्हती,” मी म्हणाले.

“कोण, वहिनी?”

“जिचा पेपर होता ती. तो माझा पेपर होता, भाऊजी.”

केशवराव एकदम सावरून बसले. “अरे राम! आता नंबरावरून मले काय कळणार, वहिनी? बोलायचं तरी. पण मग शेवट काहून नाही लिहिला? सरांनी तर इतका सुंदर बांधून दिला होता.”

हे माझ्याकडे पाहत होते. चेहरा जरा उतरला होता. मला वाटलं, आता तरी. पण हे केशवरावांकडे वळून समजूत घातल्यासारखे म्हणाले, “चार ओळीच होत्या. मी बजावलंही होतं. घाबरली असेल हॉलमध्ये. इतक्या वर्षांनी बसली ना.”

मूर्ख म्हणाले असते तर सोसलं असतं. हट्टी म्हणाले असते तर बरंच वाटलं असतं. घाबरली! माझं डोकं फिरलं. मी बशा खाली ठेवल्या. जिथे पोरं रांगेनं बसतात तिथे, खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि ह्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ह्यांच्या चार ओळी म्हणायला लागले. आवाज चढलेला होता, लतिका आतून धावत दारात आली.

“तरीही मी असमाधानी नाही. माझ्या कुटुंबाचे सुख हेच माझे सुख. पती आणि मुलांच्या चेहऱ्यावरील हास्य पाहिले की माझे सारे कष्ट मी विसरून जाते. देवा, पुढचा जन्म दिलास तर मला पुन्हा याच घरची गृहिणी कर!”

एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. म्हणून झाल्यावर मी तशीच उभी राहिले. दोघांपैकी एकानं तरी मान खाली घालावी म्हणून मी वाट पाहिली.

केशवरावांनी टाळ्या वाजवल्या. “वा, वहिनी, वा! शब्दन् शब्द! अहो, हेच तिथे लिहिलं असतं तर एकोणीस ठेवलेलेच होते माझ्याकडून.”

ह्यांचा चेहरा खुलला. मोठ्या कौतुकानं माझ्याकडे बोट करून हे म्हणाले, “पाहिलं केशव? येत होतं तिले सगळं.” आणि मग मला म्हणाले, त्याले पोहे दे आता.